फाटकापाशी ठेवलेली पेटी

शालनबाई पाटोळे प्रार्थनेला उभ्या राहिल्या की नावं घेत. आमच्या कासारवाडीच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत सगळ्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं. पाळक बदलले, पंच बदलले, चर्चचे पत्रे जाऊन स्लॅब आला, पण हे काम काही दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही. ‘जे आजारी आहेत त्यांना बरं कर’ असं मोघम त्या कधी म्हणाल्या नाहीत. कुणाचा गुडघा, कुणाची बायपास, चाकणच्या कंपनीत कुणाला कामावरून थांबवलंय, कुणाची पोरगी बारावीला पुन्हा बसलीय, सगळं नावानिशी. चर्चला लागूनच रेल्वेचे रूळ. लोणावळ्याची लोकल धडधडत जाई तेवढा वेळ त्या थांबत आणि आवाज ओसरला की पुढचं नाव घेत. भोसरीतल्या एका दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

त्या मूळच्या नेवाशाकडच्या. वडील खेड्यातल्या मंडळीचे उपदेशक. लग्न होऊन कासारवाडीत आल्या तेव्हा सासू हयात नव्हती आणि धाकटा दीर समाधान दुसरीत शिकत होता. त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून आयटीआयच्या ॲडमिशनपर्यंत सगळं शालनबाईंनी केलं. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. पुढे नवराही गेला. समाधान त्यांना वहिनीच म्हणे, पण तापात बरळायला लागला की इतर मुलं आईला जशी हाक मारतात तशी ‘वहिनी’ म्हणे.

हा समाधान मोठा होऊन चाकणच्या एका कंपनीत लागला, युनियनमध्ये पुढं आला, लग्न करून पिंपळे गुरवच्या सोसायटीत राहायला गेला. ड्रेनेज तुंबलं, लाइट गेली, दवाखान्यात बेड मिळेना, की लोक त्याला फोन करीत. महापालिकेची निवडणूक बऱ्याच वर्षांनी लागली आणि एका मोठ्या पक्षानं त्याला चौघांच्या पॅनलमध्ये घेतलं. आमच्यातला माणूस पहिल्यांदाच उभा राहत होता. त्या दिवशी चर्चच्या आवारात पेढे वाटले ते शालनबाईंनीच.

आनंदाला कारणही तसं होतं. आमच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही. नवीन माणूस गेला की जुनी कबर उघडावी लागते. बापाच्या जागेत मुलगा, सासूच्या जागेत सून. दर वेळी अर्ज, दर वेळी ‘बघू’. समाधानचं पहिलं वचन तेच होतं, दफनभूमीला शेजारची मोकळी जमीन मिळवून देणं.

पण मंडळीत सगळेच समाधानचे नव्हते. कोंडीराम बोर्डे हे जुने पंच. त्यांचा मुलगा ज्ञानेश कंपन्यांना कामगारांच्या ने-आणीच्या गाड्या पुरवायचा. ही कामं त्याला दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारामुळे मिळालेली. सगळे त्या उमेदवाराला अण्णा म्हणत. आमच्या तरुण संघातली निम्मी पोरं ज्ञानेशच्या गाड्यांवर ड्रायव्हर. ती अण्णांचा प्रचार करणार नाहीत तर काय करणार? नाताळातच फूट दिसायला लागली. गाणी म्हणत घरोघर जायला दरवर्षी एक टोळी निघे, यंदा दोन निघाल्या. एकीनं समाधानच्या पॅनलच्या टोप्या घातलेल्या, दुसरीनं अण्णांची उपरणी. काही घरांत दोन्ही टोळ्या एकाच वेळी पोचल्या आणि तारणाऱ्याच्या जन्माची गाणी एकमेकांवर आवाज चढवून म्हटली गेली.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन असतं, सगळ्यांनी एकाच ताटातली भाकर वाटून घ्यायची. त्याच्या आदल्या दुपारी समाधान वहिनीकडे आला. शालनबाई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. तोही खाली बसला, चार शेंगा हातात घेतल्या.

“वहिनी, उद्याची प्रार्थना तुमचीच ना?”

“दर रविवारी माझीच असते.”

“उद्या सगळी मंडळी येणार. आमचं पॅनलपण येतंय, पुढच्या बाकावर बसू. तुम्ही फक्त माझं नाव घ्या. विजयासाठी. आणि पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवा. एवढंच.”

“पाळकसाहेबांना विचारलंस?”

“विचारलं. ते म्हणाले, सिस्टर तयार असतील तर माझी हरकत नाही.”

आमचे पाळक मकासरेसाहेब वयानं लहान, स्वभावानं भिडस्त. दोन्ही बाजूंचे पंच त्यांच्या घरी रोज चकरा मारत होते. त्यांनी चेंडू शालनबाईंच्या अंगणात टाकला होता.

“तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करते, समाधान,” शालनबाई म्हणाल्या. “इथंच, ओट्यापुढं उभी राहून. तुझं नाव घेऊन.”

“घरातल्या प्रार्थनेनं मतं पडत नाहीत, वहिनी.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. त्यानं मान खाली घालून शेंग सोलायला घेतली.

“म्हणजे तिथली प्रार्थना मतांसाठी करायची,” शालनबाई म्हणाल्या.

“तसं नाही हो. दफनभूमीचं काम कुणासाठी करायचंय मी? माझ्यासाठी? बाकीचे सगळे आपापल्या लोकांना उघड सांगतात, आपला माणूस आहे, निवडून आणा. आपणच कशाला सोवळ्यात राहायचं? आधीच आपण मूठभर. त्यात आपलंच चर्च गप्प बसलं तर लोक काय समजायचे?”

शालनबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “माझं लग्न कुठं लागलं माहितेय तुला?”

“गावाला.”

“गावाला, शाळेच्या पटांगणात. लिंबाखाली. चर्च होतं, पण दाराला दोन कुलपं होती. साखर कारखान्याच्या निवडणुकीत मंडळी फुटली. एका पॅनलवाल्यांनी कुलूप घातलं, तर दुसऱ्यांनी त्यावर आपलं घातलं. माझे वडील दोन्हीकडे हात जोडत फिरले. किल्ली कुणी देईना. कारखान्यात कोण निवडून आलं ते आज त्या गावात कुणाला आठवत नाही, पण दोन घरं अजून एकमेकांच्या मातीला जात नाहीत.”

“ते खेडं होतं, वहिनी.”

“उद्या कोंडीरामभाऊ समोर बसलेले असतील. माझ्या प्रार्थनेला त्यांनी आमेन म्हणायचं की नाही? अर्ध्यांनी म्हणायचं आणि अर्ध्यांनी ओठ मिटून बसायचं, असली प्रार्थना माझ्यानं होणार नाही.”

समाधान उठला. चहा ठेवलेला होता, तो घेतला नाही. “मला वाटलं होतं, जगात एक घर तरी असं आहे जिथं मला मत मागावं लागणार नाही.”

“मत कुठं मागितलंस तू?” त्या म्हणाल्या. पण तो जिना उतरला होता.

रविवारी चर्च गच्च भरलं. समाधानचं पॅनल येऊन पुढच्या बाकांवर बसलं, गळ्यात उपरणी, हात जोडलेले. मागच्या भिंतीला ज्ञानेश आणि त्याची पोरं उभी. त्यांच्या हातात फोन तयार होते, नाव घेतलं की रेकॉर्ड करून निवडणूक अधिकाऱ्यांकडे तक्रार करायची म्हणून. मकासरेसाहेबांचा उपदेश त्या दिवशी कुठून सुरू झाला आणि कुठं संपला, कुणाला कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, “आता शालनसिस्टर आपल्याला प्रार्थनेत चालवतील,” आणि पुढं काही बोलावं की नाही या विचारात त्यांच्याकडे बघत राहिले.

शालनबाई पुढं आल्या. पदर डोक्यावर घेतला. त्यांनी पहिलं नाव जाईबाईंचं घेतलं. जाईबाई म्हणजे कोंडीरामभाऊंची बायको, ज्ञानेशची आई. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि शालनबाई रोज जाऊन त्यांचं ड्रेसिंग करीत. मग इतर आजारी, मग रात्रपाळीवाले, मग परीक्षेची मुलं. सगळी नावं झाली. समाधानचे डोळे मिटलेले नव्हते. तो वहिनीच्या तोंडाकडे बघत होता.

“आमच्या प्रभागात जे कुणी उभे आहेत,” शालनबाई म्हणाल्या, “ते सगळे तुझ्यासमोर उभे आहेत, प्रभू. जो जिंकेल त्याला माज येऊ देऊ नको. जो हरेल त्याला एकटं पडू देऊ नको. आणि या घरात आम्ही कुठल्या गटाचे म्हणून बसलोय, ते आमच्या मनातून काढून टाक.”

तेवढ्यात लोकल आली. नेहमीसारख्या त्या थांबल्या. गाडी लांब गेली, आणि त्या आमेन म्हणून जागेवर जाऊन बसल्या.

समाधान उठला. मधल्या वाटेनं बाहेर गेला. त्याच्यामागून पॅनल गेलं, दीपमाला, म्हणजे त्याची बायको, गेली, आणि मग एकेक कुटुंब उठायला लागलं. प्रभुभोजनाचं ताट मेजावर झाकून ठेवलेलं होतं. ते उघडलं तेव्हा घेणारी माणसं निम्मीसुद्धा नव्हती. भाकरीचे तुकडे उरले. मकासरेसाहेब आणि पंच उरलेलं संपवत मेजापाशी उभे होते, एकमेकांकडे न बघता.

पुढचा आठवडा शालनबाईंना फार जड गेला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव न घेता लिहिलं जाऊ लागलं. बोर्ड्यांच्या घरी रोज जाणं-येणं आहे, तिथूनच शिकवलं असेल, असं एकानं लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. बुधवारी त्यांच्या घरी प्रार्थनासभा असे, खोलीत माणूस मावत नसे. त्या बुधवारी एकट्या सोजरबाई आल्या. सोजरबाईंना कमी ऐकू येतं. मंडळीत भांडण झालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. “बाकीच्या कुठायत?” त्या सारखं विचारत होत्या. दोघींनी मिळून गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शालनबाई डबा घेऊन पिंपळे गुरवला गेल्या. दीपमालानं जाळीचं दार उघडलं नाही.

“झोपलेत ते,” ती म्हणाली. आतून समाधानचा फोनवर बोलतानाचा आवाज येत होता.

“एवढा डबा घे. मटारची उसळ आहे, त्याला आवडते.”

“सगळी बिल्डिंग विचारतेय, घरच्या वहिनीनंच नाव घेतलं नाही, मग आम्ही का द्यायचं मत? काय सांगू मी?” तिचा आवाज चढला, मग फुटला. “तुम्हाला स्वतःचं लेकरू असतं ना वहिनी, तर कळलं असतं.”

डबा दारापाशी ठेवावा की परत न्यावा हे शालनबाईंना सुचेना. शेवटी परत नेला. लिफ्ट होती तरी जिन्यानं उतरल्या, आणि बस सोडून कासारवाडीपर्यंत चालत गेल्या. “वाटेत सारखं वाटत होतं,” त्यांनी पुढे एकदा सांगितलं, “की परत फिरावं, दार वाजवावं आणि म्हणावं, ये, पुढच्या रविवारी घेते तुझं नाव. काय बिघडणार होतं? मी देवाला हेच विचारत होते. त्यानं काही उत्तर दिलं नाही. पाय तेवढे दुखत होते.”

तिथून त्या तशाच बोर्ड्यांकडे गेल्या. जाईबाईंना कुशीवर केलं, हातमोजे घातले, जखम साफ करायला घेतली. तेवढ्यात ज्ञानेश आत आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“काकू, रविवारी तुम्ही कमाल केलीत. अण्णापण म्हणाले, बाई खमकी आहे. आता एक करा, मी फोन धरतो, तुम्ही एवढंच बोला की घरातला असला तरी चुकीच्या पक्षात आहे म्हणून मी पाठिंबा दिला नाही. बस्स.”

“फोन बंद कर आधी,” शालनबाई म्हणाल्या. “तुझ्या आईचं अंग उघडं आहे.”

त्यानं फोन खाली केला. “बरं, बाहेर येऊन बोला.”

“मी बाहेर येऊनही ते बोलणार नाही. तो चुकीच्या पक्षात आहे असं मी कुठं म्हटलं? मी तुझ्या बाजूची नाही, ज्ञानेश.”

त्याचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “असं? मग उद्यापासून त्रास घेऊ नका. मी नर्स लावतो.”

शालनबाईंनी ड्रेसिंग पुरं केलं, चिकटपट्टी नीट बसवली आणि गेल्या. ज्ञानेशनं बोलावलेली नर्स एकदा आली, ती परत फिरकलीच नाही. त्याला प्रचारातून सवड नव्हती. शनिवारी काठी टेकत टेकत कोंडीरामभाऊच शालनबाईंच्या दारात आले. धाप लागली होती.

“सिस्टर, चला. जाईकडं बघवत न्हाई आता. पोराचं काय मनावर घेऊ नका.”

त्या गेल्या. जखम चिघळली होती, अंगात ताप मुरला होता. त्यांनी दवाखान्यात हलवायला लावलं, पण उपयोग झाला नाही. सोमवारी सकाळी जाईबाई प्रभूत झोपी गेल्या. शालनबाईंनीच त्यांना शेवटची आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं, केस विंचरले. ज्ञानेश दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून उभा होता. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

माती मंगळवारी दुपारी ठरली. मतदान गुरुवारी, म्हणजे मंगळवार हा प्रचाराचा शेवटचा दिवस. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं ते त्यामुळेच झालं.

दफनभूमीकडे जाणारा रस्ता अरुंद. गाडीतून पेटी उतरवून तरुणांनी खांद्यावर घेतली आणि मंडळी चालायला लागली. समोरून, फाटकापाशी, अण्णांची माणसं आधीच उभी होती, पंचवीस-तीस तरी असतील, सगळ्यांच्या गळ्यात उपरणी. स्वतः अण्णा पुढे झाले. त्यांनी कोंडीरामभाऊंच्या गळ्यात आपलं उपरणं घातलं, खांद्यावर हात टाकला, आणि बरोबरच्या माणसानं कॅमेरा वर केला. कोंडीरामभाऊंना काय चाललंय ते कळतही नव्हतं.

तेवढ्यात मागून समाधान आला. त्याच्याबरोबर त्याचं पॅनल, कार्यकर्ते, त्यांचीही उपरणी. जाईबाईंनी त्याला लहानपणी पुष्कळदा जेवू घातलं होतं. वहिनी ड्युटीवर असल्या की तो बोर्ड्यांकडेच असे. तो यायचाच होता. पण असा आला.

ज्ञानेशनं त्याला पाहिलं आणि पेटीचा खांदा दुसऱ्याला देऊन तो धावत फाटकात जाऊन उभा राहिला.

“समाधान पाटोळे आत येणार नाही. माझ्या आईच्या मातीवर मतं मागायला आलाय हा!”

“मी जाईकाकूंना बघायला आलोय. तू कोण मला अडवणार?”

“आणि हे कॅमेरेवाले कुणाचे आहेत?” समाधानच्या मागून कुणीतरी ओरडलं. “मतं कोण मागतंय ते दिसतंय!”

कुणी कुणाला ढकललं ते सांगता येणार नाही. एकदम सगळे पुढं सरकले. घोषणा सुरू झाली, अर्धवट राहिली. पेटीचा एक कोपरा खाली गेला, बायका किंचाळल्या, पोरांनी कशीबशी ती सावरली. मकासरेसाहेब हातात पुस्तक धरून “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत होते, पण त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू येत नसेल.

शालनबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आल्या. पेटीखालच्या पोरांना म्हणाल्या, “खाली ठेवा.”

“सिस्टर, रस्त्यावर?”

“ठेवा म्हणते ना.”

पोरांनी पेटी फाटकाच्या तोंडाशी, डांबरावर ठेवली. शालनबाई तिच्याशेजारी खाली बसल्या, गुडघे दुखत असतानाही मांडी घालून, आणि एक हात पेटीवर ठेवला.

आवाज हळूहळू खाली आला. पेटी ओलांडून कुणाला आत जाता येईना, आणि तिच्यासमोर कुणाला भांडताही येईना.

“जाईबाई कुठल्या पक्षाच्या नव्हत्या,” शालनबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, दवाखान्यात नातेवाइकांना सांगत तशा सांगत होत्या. “जोवर कुणाच्याही गळ्यात हे आहे, तोवर त्या आत जाणार नाहीत. मी इथंच बसलेय.”

समाधान जवळ आला. आवाज दाबून म्हणाला, “वहिनी, उठा. लोक बघतायत. शूटिंग चालू आहे.”

“बघू देत.”

“तुम्ही पुन्हा मलाच खाली बघायला लावताय.”

“मी कुणाचं नाव घेतलंय का?”

कोणीच हललं नाही. रस्त्याच्या कडेला रिक्षावाले थांबून बघत होते. मग मकासरेसाहेब पुढं आले. त्यांनी पुस्तक काखेत घेतलं आणि झग्यासकट ते शालनबाईंच्या शेजारी डांबरावर बसले. “सिस्टर म्हणतात तसंच होईल,” ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला.

कोंडीरामभाऊंनी गळ्याला हात लावला. आपल्या गळ्यात काहीतरी आहे हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी ते उपरणं काढलं, हातात धरून बघितलं आणि अण्णांच्या दिशेनं पुढं केलं. “हे तुमचं हाय, घ्या.”

अण्णांना घ्यावंच लागलं. मग त्यांनी आपल्या माणसांना खूण केली, कॅमेरा खाली गेला. लोकांना ऐकू जाईल असं काहीतरी सहानुभूतीचं बोलून ते गाडीत बसून निघून गेले. त्यांची काही माणसं गेली, काही उपरणी खिशात घालून थांबली.

समाधान अजून तसाच उभा होता. पॅनलमधल्या एकानं त्याला कोपरानं ढोसलं, “चल राव, शेवटचा दिवस आहे, पदयात्रा बाकी आहे.” समाधाननं त्याच्याकडे बघितलं नाही. उपरणं काढलं, त्याच माणसाच्या हातात दिलं आणि वाकून पेटीची कडी धरली. समोरच्या बाजूला जागा रिकामी होती. ज्ञानेश फाटक सोडून आला आणि त्यानं ती कडी धरली. पेटी उचलली गेली.

जाईबाईंना त्यांच्या सासूच्या कबरीत ठेवलं. दुसरी जागाच नव्हती. खणताना निघालेली सासूच्या पेटीची जुनी लाकडं खणणाऱ्यांनी एका बाजूला पोत्यावर ठेवली होती, ती पुन्हा मातीत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिली.

सगळे पांगल्यावर समाधान वहिनीपाशी थांबला. हाताला माती लागलेली होती. “बघितलंत ना? म्हणून उभा राहिलो मी.”

“माहितेय,” शालनबाई म्हणाल्या. “म्हणून गुरुवारी तुलाच मत देणार आहे. पहिल्या दिवसापासून ठरलंय माझं.”

तो बघतच राहिला. “मग त्या दिवशी का नाही...”

“मत माझं आहे, ते तुला. मंडळी माझी नाही. ती मी तुला कशी देऊ?”

फाटकाबाहेर त्याची माणसं हॉर्न वाजवत होती.

समाधान हरला. फार मतांनी नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. आमच्यातले काही आजही म्हणतात, त्या रविवारी सिस्टरनी एक नाव घेतलं असतं तर आज आपला माणूस महापालिकेत असता. खरंही असेल. शालनबाई हे नाकारत नाहीत. तीन-चार कुटुंबं मंडळी सोडून दुसरीकडे जायला लागली. दीपमाला कुणाच्या लग्नात समोर आली तर पदर सावरून बाजूनं निघून जाते. समाधान येई, मागच्या बाकावर बसे आणि आशीर्वादाआधी निघून जाई.

अण्णा निवडून आले. त्यांच्या लोकांना चर्चमध्ये सत्कार करायचा होता. या वेळी शालनबाईंना काही बोलावं लागलं नाही. पंचांच्या सभेत कोंडीरामभाऊंनीच सांगितलं, “हार घालायचा तर बाहेर आवारात घाला. आत न्हाई.”

ईस्टर झाल्यावर दफनभूमीच्या जमिनीसाठी महापालिकेत जायचं ठरलं. आता अण्णाच नगरसेवक, त्यांच्याकडेच जावं लागणार. शालनबाईंनी सभेत सांगितलं की समाधान बरोबर पाहिजे, जमिनीचा सगळा तपशील त्याला ठाऊक आहे. मकासरेसाहेब त्याच्या घरी जाऊन आले. तो म्हणाला, “हरलेल्या माणसाला कशाला नेता?” साहेबांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ठरल्या सकाळी समाधान कासारवाडीच्या चौकात उभा होता. गाडी ज्ञानेशची. समाधान पुढं बसला नाही, मागं बसला.

महापालिकेत त्या दिवशी लिफ्ट बंद होती. अण्णांच्या पक्षाचं दालन वरच्या मजल्यावर. शालनबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. समाधान सगळ्यांच्या पुढं, भराभर वर गेला होता. पहिल्या वळणावर त्या धाप लागून थांबल्या. वर बघितलं तर तो पुढच्या वळणावर थांबलेला होता, भिंतीला टेकून. खाली बघत नव्हता, हात द्यायला खाली आलाही नाही. शालनबाई पुन्हा चढायला लागल्या तेव्हा तो पुढं निघाला, पण या वेळी सावकाश.